टक्के आणि अक्काचा आवाज

माझ्या हातून आयुष्यात बरीच नुकसानं झाली, पण सगळ्यात मोठं नुकसान मी उपकार म्हणून केलं.

माझा मित्र टक्के त्याच्या व्हिडिओच्या दुकानामागच्या खोलीत थोरल्या बहिणीला जेवण भरवायला गेला होता. जाताना मला म्हणाला, "अर्धा तास बस. मशीन चालू आहे. हात लावू नकोस, नुसतं बघ." मी बघत बसलो. नुसतं बघत बसण्याचं काम मी समोरच्या कचेरीत अठरा वर्षं पगार घेऊन केलंय, त्यात मी वाकबगार. पण एक्क्याण्णव टक्क्यांवर पडद्यावरची हिरवी पट्टी थांबली आणि मशीननं पाटी लावली, डिस्कवर जागा शिल्लक नाही. मी आत हाक मारायला हवी होती. पण आतून टक्केचा आवाज येत होता, "अजून एक घास. एकच. शपथ." अशा वेळी मध्ये कशाला लुडबूड करा, म्हणून मी आत गेलो नाही. लुडबूड मी बाहेर केली.

एकाच नावाच्या दोन फायली होत्या. एक अवाढव्य, एक चिमुकली. चिमुकली म्हणजे नवी, अवाढव्य म्हणजे जुनी, जुनी म्हणजे काम संपलेली, म्हणजे अडगळ. मी ती अडगळ उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकायला गेलो, तर मशीन म्हणालं, ही पेटीत मावत नाही, कायमची काढून टाकू का? इतक्या अदबीनं आमच्या घरात मला कुणी काही विचारत नाही. मी 'हो' दाबलं. मग रांगेत खोळंबलेलं पुढचं कामही सुरू करून दिलं. कुणा ट्रकवाल्याचे तीन लांबलचक सिनेमे होते. ते त्या मोकळ्या झालेल्या जागेत ऐसपैस पाय पसरून बसायला लागले.

टक्के हात पुसत बाहेर आला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मशीन अडलं होतं. मी जागा करून दिली."

तो पडद्याजवळ वाकला. मग आणखी वाकला.

"मोठी कुठंय?"

"ती काढली. दोन-दोन होत्या ना."

"मशीननं विचारलं असेल, कायमची काढू का म्हणून."

"विचारलं की."

"आणि तू?"

"हो म्हटलं."

"मशीनला अक्कल आहे," टक्के म्हणाला, "विचारतं तरी."

एवढं बोलून त्यानं ट्रकवाल्याचं काम थांबवलं आणि स्टुलावर बसला. माणूस ओरडला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्यानं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या मोठ्या फायलीत अक्काचा आवाज होता. अख्ख्या जगात शिल्लक राहिलेला एकुलता एक.

टक्केला 'टक्के' कुणी म्हणायला लागलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण का म्हणायला लागलं हे दुकानात दहा मिनिटं बसलेल्या कुणालाही कळेल. व्हिडिओ छोटे करून देणं हा त्याचा धंदा. आधी टेपवरून तबकडीवर, मग तबकडीवरून नखाएवढ्या कार्डावर. लोक यायचे, खिशातून हातभर पट्टा लावलेला छोटासा प्लेअर काढायचे आणि म्हणायचे, "आमच्यात लागत नाही." टक्के तो प्लेअर हातात घ्यायचा, वैद्यानं नाडी धरावी तसा धरायचा, आणि विचारायचा, "पडदा केवढा? गोठतो का मध्येच? आवाज आधी येतो का चित्र आधी येतं?" मग चित्राची रुंदी उतरवायची, सेकंदाला पंचवीस चित्रं येतात ती पंधरावर आणायची, आवाजाचे दोन कान कापून एक करायचा आणि ते त्या यंत्राला पचेल असं करून द्यायचं. "लोकांना हत्ती हवा असतो," तो म्हणायचा, "पण खिशात." हिरवी पट्टी सरकताना बघत त्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्याला बाकीचं जगही त्याच मापात दिसायचं. जेवलास का? सत्तर टक्के. ताप उतरला? चाळीस टक्के. एकदा एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी बघून आल्यावर अक्कानं विचारलं, "पसंत आहे का?" तर हा म्हणाला, "पंचावन्न." अक्का म्हणाली, "पंचावन्नला शाळेत पास करतात, घरात नाही." आणि तिनं नकार कळवून टाकला. पुढं दुसरं स्थळ आलं नाही. ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. टक्केच्या राहिलं असावं.

अक्का त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले, अक्कानं याला वाढवलं. बायकांनी खांद्यावर कॅमेरा घेणं लोकांना विचित्र वाटायचं त्या काळात तिनं तो घेतला. लग्नं, साखरपुडे, शाळेचे कार्यक्रम, निवृत्तीचे समारंभ, सगळीकडे अक्का. ती शूट करायची, टक्के जोडायचा. अक्काचं शूटिंग म्हणजे लष्कर. "हनुवटी वर, पोट आत!" "मागचे, झाडं आहात का? हला थोडे!" "रडायचंय ना? मग इकडे बघून रडा, तिकडे अंधार आहे." एका साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांचं भाषण लांबलं तेव्हा कॅमेऱ्यामागून सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "साहेब, टेप संपतेय, तुम्हीही संपवा." टक्केला ती ठोंब्या म्हणायची आणि मला फुकट्या, कारण चहाच्या वेळा मला कचेरीच्या वेळांपेक्षा चांगल्या पाठ होत्या. मला तिचा राग कधी आला नाही. राग यायचा गिऱ्हाइकांना. कार्यक्रम झाल्यावर गिऱ्हाईक दुकानात येऊन हमखास सांगायचं, "छान झालंय हो सगळं, फक्त त्या बाईंचा आवाज तेवढा काढून टाका."

टक्के काढून टाकायचा. नियमच केला त्यानं. मूळ आवाजाची पट्टी उचलायची, फेकायची आणि तिच्या जागी बासरी नाहीतर सतारीची एखादी तयार धून घालायची. अक्काला हे माहीत होतं. ती म्हणायची, "मला काढलंस ना रे? बरं केलंस. बासरीला पोट आत घ्या म्हणायची अक्कल नाही, हेच तिचं नुकसान." आणि हसायची.

मागच्या वर्षी अक्काला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे तेवढे जुनेच राहिले. कुणी खोलीत वाकडं बसलं की ती बघायची आणि माणूस आपोआप सरळ व्हायचा. पण शब्द नाही. घशातून एक घोगरा हुंकार यायचा, तो सगळ्यासाठी एकच. पाणी, दुखतंय, पंखा बंद कर, सगळं त्या एकाच हुंकारात. टक्केला तो हुंकार निरनिराळा ऐकू यायचा. मला नाही.

वाचा शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "यांचा जुना आवाज असेल तर ऐकवा. रोज, थोडा थोडा. स्वतःचा आवाज ऐकून कधीकधी वाट सापडते. पण जे काय करायचं ते लवकर. पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात."

तीन महिने तोपर्यंत गेले होते.

टक्केनं दुकान पालथं घातलं. तीस वर्षांचं काम, चार कपाटं भरून तबकड्या. सगळीकडे बासरी. सतार. एका साखरपुड्यात तर समुद्राच्या लाटा. अक्कानं घेतलेली हजारभर माणसं पडद्यावर तोंडं हलवत होती आणि अक्का कुठं नव्हती. कॅमेऱ्यामागचा माणूस चित्रात नसतोच. अक्का आवाजात होती, तिथून तिला टक्केनं स्वतःच्या हातानं काढलं होतं.

शेवटी माळ्यावर एक टेप मिळाली. कुठल्यातरी शाळेचं संमेलन; गिऱ्हाईक न्यायलाच आलं नव्हतं, म्हणून त्यात धून घालायची राहून गेली. टेपला बुरशी धरली होती. टक्केनं ती कापसानं पुसून मशीनमध्ये चढवली आणि मूळ जशीच्या तशी उतरवून घेतली. शेवटच्या मिनिटाला टेप मशीनमध्ये अडकून तिचे तुकडे तुकडे झाले, ती पुन्हा चालण्यासारखी राहिली नाही, पण तोपर्यंत सगळं उतरलं होतं. पडद्यावर आवाजाची पट्टी दिसते ना, डोंगरांच्या रांगेसारखी, ती त्यानं मला बोट ठेवून दाखवली. "हे बघ. मुलं बोलतात तेव्हा टेकड्या. आणि हे कडे दिसतायत ना, वर छताला टेकलेले? ही अक्का."

आता ते अक्काला ऐकवायचं कसं? फोन तिला जमेना. डाव्या हातानं पडदा सरकवायला गेली की तिसरंच काहीतरी उघडायचं आणि ती चिडून फोन भिरकावायची. टक्केकडे एक जुना प्लेअर होता, मुठीत मावणारा, मधोमध एकच गोल बटण. ते तिला डाव्या अंगठ्यानं दाबता यायचं. पण त्या प्लेअरला जुनीच पद्धत कळायची. म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांसाठी केलेलं काम टक्के त्या दुपारी पहिल्यांदा घरासाठी करत होता. आणि एक्क्याण्णव टक्क्यांवर मी जागा करून दिली.

तुम्ही म्हणाल, एक्क्याण्णव टक्के झालं होतं ना, मग तेवढं तरी ऐकवा. मीही तेच म्हणालो. टक्केनं मला शांतपणे समजावलं. अशी फाईल पुरी झाली की मशीन शेवटी तिची यादी लिहितं, कुठलं चित्र कुठं आहे, कुठला आवाज कुठं. ती यादी नसली तर आत सगळं असूनही काही उघडत नाही. "घर भरलेलं आहे, दार बसवायचं राहिलं," तो म्हणाला.

तीन दिवस तो त्या फायलीशी झुंजला. दुकान बंद ठेवलं. बाहेरून लोक शटर वाजवून जायचे. चौथ्या दिवशी चित्र निघालं. हिरवे-जांभळे चौकोन, मध्येच एखाद्या मुलाचा अर्धा चेहरा, मध्येच रंगमंचाचा पडदा. आवाज निघाला नाही. मोठ्या फायलीचा डिस्कवर काही मागमूस मिळतो का तेही त्यानं तपासलं. तिच्या जागेवर ट्रकवाल्याच्या सिनेमातली मारामारी बसली होती.

मग मी कंबर कसली. निदान तसं मला वाटलं. अक्कानं ज्यांची म्हणून कामं केली त्यांची यादी घेऊन मी दारोदार फिरायला लागलो. कुणाकडे न जोडलेली, कच्ची टेप असेल. कुणाच्या नातेवाइकानं बाजूनं वेगळं काही टिपलं असेल. कचेरीत मी आजारपणाची रजा टाकली. साहेबांना काय झालंय म्हणून सांगू हे कळेना, तर कान दुखतो म्हणून सांगितलं.

शिंप्याकडे गेलो. अक्काचं नाव काढताच तो हसायलाच लागला. "अहो, माझ्या लग्नात अंगठी चार वेळा घालायला लावली त्या बाईंनी! बायको म्हणाली, माझं लग्न तुमच्याशी एकदा आणि कॅमेऱ्याशी चारदा झालं." त्यानं तबकडी लावली. अंगठी एकदाच घातली जात होती आणि मागं बासरी वाजत होती. शिंप्याची बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "मला अजून स्वप्नात ऐकू येतात त्या. हनुवटी वर म्हणतात." ते स्वप्न कुठल्या पद्धतीत उतरवून घ्यायचं ते टक्केलाही ठाऊक नव्हतं.

सलूनवाल्यानं कात्री थांबवून मला तीन किस्से सांगितले. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं ऐकत होतं, तेही हसलं. टेप? ती मुलानं मागच्या वर्षी रद्दीत दिली. एका डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडून बारा तबकड्या दिल्या; बाराच्या बारा सतार. गावभर अक्का होती. प्रत्येकाच्या तोंडात होती, प्रत्येकाला तिची निदान दोन वाक्यं तोंडपाठ. फक्त कुणाकडे ती नव्हती.

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे मी सगळ्यात शेवटी गेलो, कारण शाळेचे सगळे कार्यक्रम अक्काचेच. बाईंनी चष्मा पुसला, मला बसवलं, अक्काची चौकशी केली, खरंच हळहळल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे कसा असेल आवाज? मीच सांगितलं होतं ना तुमच्या मित्राला, एकूण एक काढून टाक म्हणून. फार ओरडायच्या हो. मुलांवर संस्कार काय होणार? तो मुलगा मोठा कष्टाळू. एक अक्षर शिल्लक ठेवलं नाही त्यानं."

मी हे टक्केला सांगितलं नाही. पण त्यानं विचारलं, "बाई काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "तुला कष्टाळू म्हणाल्या." त्याला सगळं कळलं होतं.

यानंतर मी जे केलं ते सांगायलाही मला लाज वाटते. मला नकला बऱ्या जमतात. कचेरीत साहेबांची नक्कल केल्यामुळे माझी बढती एकदा हुकलेली आहे, म्हणजे नक्कल चांगलीच असणार. एका रविवारी मी अक्काच्या खोलीत गेलो, कोपऱ्यातला तिचा जुना कॅमेरा खांद्यावर घेतला आणि बरोबर तिच्या सुरात ओरडलो, "हनुवटी वर, पोट आत! ठोंब्या, वायर तुडवू नकोस!"

टक्के वाटी धूत होता. त्याच्या हातातून वाटी पडली. अक्का माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे मोठे झाले, ओठ हलले. मला वाटलं, आलं, आलं! मी आणखी जोर केला. "मागचे, झाडं आहात का?"

अक्कानं डावा हात हळूहळू उचलला आणि तळहात माझ्याकडे केला. थांब. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठ हलत होती. ती हसत असेल असं मला वाटलं, कारण तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

"कॅमेरा ठेव खाली," टक्के म्हणाला, "आणि जा."

"अरे, पण तिचे ओठ हलले होते! वाचेच्या बाईंना सांगू, अजून एकदा..."

"तिचा आवाज तुझ्या तोंडात बघायला लावलास तिला. जा आता."

मी गेलो. दोन आठवडे दुकानात फिरकलो नाही. समोरच्या कचेरीच्या खिडकीतून बघायचो. टक्के शटर उघडायचा, दुपारी मागं जायचा, अर्ध्या तासानं पुढं यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानंच खुणेनं बोलावलं. चहा पुढं केला. फुकट्या म्हणणारं कुणी नव्हतं. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

सहा महिने झाले. वाचेच्या बाई आठवड्यातून एकदा येऊ लागल्या, मग महिन्यातून एकदा. शेवटच्या भेटीत त्यांनी टक्केला बाहेर बोलावून सांगितलं, की आता यापुढं फारशी अपेक्षा ठेवू नका. समजतं त्यांना सगळं, तेवढं जपा. टक्केनं मान हलवली. किती टक्के अपेक्षा ठेवू, असं त्यानं विचारलं नाही. अलीकडे तो तसं बोलतच नाही.

अक्का त्या एकाच हुंकारावर राहिली. एक गोल बटण असलेला तो प्लेअर तिच्या उशाशी अजून आहे. टक्केनं त्यात पक्ष्यांचे आवाज घालून दिले होते. अक्कानं एकदा बटण दाबलं, ऐकलं आणि प्लेअर पालथा घातला. बासरी असो की पक्षी, तिच्या जागी घातलेलं तिला बरोबर ओळखू येतं.

धंदाही आटलाय. हल्लीच्या फोनला सगळंच पचतं, कुणाला काही बारीक करून लागत नाही. महिन्यातून एखादा म्हातारा येतो, जुनी टेप घेऊन. परवा असाच एक येऊन गेला. बायकोनं नातवाचं केलेलं शूटिंग होतं, तिला जाऊन चार वर्षं झाली होती. म्हातारा म्हणाला, "आवाज तेवढा साफ करून द्या, मध्येच आमची ही बडबडते." टक्केनं टेप त्याच्या हातात परत दिली. "हे काम मी करत नाही." म्हातारा गोंधळला. "अहो, पाटीवर लिहिलंय की." टक्के उठला, बाहेर गेला, पाटीवरची ती ओळ चावीनं खरवडून काढली आणि आत येऊन बसला. म्हातारा टेप छातीशी धरून निघून गेला. तो दुसरीकडे जाईल, दुसरा कुणीतरी त्याला साफ करून देईल. त्याच्यामागं धावत जाऊन समजावून सांगावं असं आम्हा दोघांनाही वाटलं आणि दोघंही उठलो नाही.

मागच्या खोलीतून अक्काचा हुंकार आला. टक्के म्हणाला, "पडदा लाव म्हणतेय, ऊन येतंय," आणि जाऊन पडदा लावून आला. मी इतके महिने एक प्रश्न पोटात घेऊन हिंडत होतो. मी पुसून टाकलं ते नेमकं काय होतं, एवढं तरी मला ठाऊक असावं. मी म्हणालो, "टक्के, एक विचारू? त्या संमेलनाच्या फायलीत अक्का काय बोलत होती रे?"

तो मशीनच्या पडद्याकडे बघतच म्हणाला, "मला काय माहीत, मी आवाज बंद ठेवूनच काम करतो."